बोर्ड जोडला, पण कॉम्प्युटरला दिसेना

या वेळच्या पत्रांमध्ये प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांची नावं वेगवेगळी आहेत, कुणाचा आर्डुइनो, कुणाचा ईएसपी, कुणाचा पिको. तक्रार मात्र एकच: बोर्ड यूएसबीला लावला आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही. उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी. कॉम्प्युटर बोर्ड ओळखत नसतो, तो बोर्डावरची यूएसबी चिप ओळखतो. अस्सल ऊनो आर-३ वर मुख्य एटीमेगा ३२८पी असते आणि यूएसबीचं बोलणं मुख्य चिपला कळणाऱ्या सीरियल भाषेत उतरवायला शेजारी एटीमेगा १६यू२ असते. स्वस्त नॅनो-ऊनोवर हे दुभाष्याचं काम सीएच३४० करते, तर ईएसपीच्या बोर्डांवर सीपी२१०२ किंवा पुन्हा सीएच३४०. त्यामुळे मुख्य चिप जळालेली असली तरी कॉम्प्युटरवर पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलायचं दार, दिसू शकतो, आणि मुख्य चिप ठणठणीत असूनही पोर्ट दिसत नाही, असंही होतं.

तेव्हा पहिलं काम हे. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबली की जी यादी येते तिच्यात तो सापडतो. तो डोळ्यांसमोर ठेवून केबल लावा, काढा, पुन्हा लावा. यादी जराही हलली नाही, तर आधी केबल आणि सॉकेट तपासा. पिवळा त्रिकोण घेऊन काही उगवलं, तर दोष ड्रायव्हरचा (कॉम्प्युटरला चिपशी बोलायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा यूएसबी चिपचा. आणि ‘पोर्ट्स’खाली कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) आला, पण प्रोग्राम अपलोड होत नसेल, तर केबलचा नाद सोडा, शोध पुढे न्यायचा आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये माझा नोडएमसीयू (ईएसपीवाला) बोर्ड व्यवस्थित चालतो. तोच घरी लॅपटॉपला लावला की दिवा लागतो, पण आर्डुइनो आयडीईमध्ये (प्रोग्राम लिहून बोर्डावर पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पोर्टच येत नाही. घरची केबल पॉवर बँकेबरोबर आलेली आहे. लॅपटॉप बिघडला असेल का?
— विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : लॅपटॉपवर संशय घेण्याआधी तुझ्याच पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाच. दिवा लागला याचा अर्थ एवढाच की बोर्डाला ५ व्होल्ट मिळाले. यूएसबी केबलमध्ये एरवी चार तारा असतात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ इअरफोन यांच्याबरोबर येणाऱ्या केबलींमध्ये पुष्कळदा लाल-काळी जोडीच असते. अशा केबलने बोर्ड उजळतो, पण लॅपटॉपला काही जोडलं गेल्याची खबरही लागत नाही. विंडोजचा तो ‘टुडुंग’ आवाजसुद्धा येत नाही, ही खूण लक्षात ठेव.

खात्री करायची सोपी रीत: घरात मायक्रो-यूएसबीचा जुना फोन असेल तर तो याच केबलने लॅपटॉपला जोड. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल चांगली. फोन नुसताच चार्ज होऊ लागला आणि सेटिंग्जमध्ये शोधूनही तो पर्याय मिळाला नाही, तर केबल चार्जिंगपुरतीच आहे.

मल्टिमीटर असेल तर आणखी पक्कं कळेल. केबलचं मोठं, चपटं टोक नीट पाहा. आत चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन पुढपर्यंत आलेल्या असतात आणि मधल्या दोन किंचित मागे असतात, कारण आधी वीज जोडली जावी आणि मग माहितीच्या तारा, अशी ती रचना आहे. काही चार्जिंग केबलींत मधल्या दोन पट्ट्या बसवलेल्याच नसतात. तसं दिसलं की विषय संपला. पट्ट्या असतील तर केबल लॅपटॉपपासून काढून फक्त बोर्डात खोच आणि मल्टिमीटर बीपवर ठेव. बोर्डावर सॉकेटजवळ १६ पायांची लांबट सीएच३४०जी असेल, तर तिच्यावरच्या ठिपक्याजवळचा पाय पहिला. तिथून त्याच रांगेत मोजत गेलं की पाचवा आणि सहावा पाय येतो, ते माहितीचे. मधल्या दोन पट्ट्यांपैकी एक पाचव्या पायाशी आणि दुसरी सहाव्याशी वाजली पाहिजे. बोर्डावर सीपी२१०२ असेल तर तिला बाहेर आलेले पाय नसतात, तिथे ही चाचणी करू नकोस. टोक घसरून शेजारच्या बिंदूंना लागतं.

नवी केबल घेताना दुकानात ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांग आणि एक मीटरहून लांब घेऊ नकोस. वायफाय सुरू होताना हा बोर्ड क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास वीज खेचतो. लांब, बारीक तारेत तेवढ्यात व्होल्टेज पडतं आणि बोर्ड आपोआप रीसेट होत राहतो. नव्या केबलने डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर घाबरू नकोस, ती प्रगती आहे. पुढचं उत्तर वाच.

प्रश्न : आमच्या पॉलिटेक्निकमध्ये सीएच३४० असलेले बारा नॅनो बोर्ड आहेत. काही कॉम्प्युटरवर ‘यूएसबी २.० सीरियल’ नावासमोर पिवळा त्रिकोण येतो. काहींवर पोर्ट नीट दिसतो, पण अपलोड करताना ‘कॅनॉट सेट कॉम-स्टेट’ असा संदेश येऊन काम थांबतं. बोर्ड अदलाबदल करून पाहिले, तरी तेच. सगळीकडे विंडोज ११ आहे.
— शिक्षक, सोलापूर

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत, त्यामुळे गोंधळ वाढला.

पहिला सोपा आहे. त्या ओळीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘कोड २८’ असेल तर ड्रायव्हरच नाही. सीएच३४० चीनमधल्या नानजिंग चिनहेंग कंपनीची चिप आहे, कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. शोधात वर येणारी ‘ड्रायव्हर अपडेटर’ छापाची सॉफ्टवेअर्स लॅबच्या कॉम्प्युटरवर टाकू नका. ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून प्रयत्न केल्यामुळे ड्रायव्हर अर्धवट बसल्याचं आढळलं, तर तो काढून अ‍ॅडमिनमधून पुन्हा टाका.

चिप कोणती हे ठरवताना वरच्या छपाईवर विसंबू नका. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’, तिथे ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. चार-चार अंक-अक्षरांचे दोन गट दिसतील, पहिला कंपनीचा आणि दुसरा वस्तूचा. १ए८६ आणि ७५२३ म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सीपी२१०२. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटी२३२. २३४१ ने सुरुवात झाली तर आर्डुइनोची स्वतःची ओळख, ३०३ए म्हणजे एस्प्रेसिफ, म्हणजे ईएसपीवाले, आणि २ई८ए म्हणजे रास्पबेरी पाय. एवढी यादी लॅबच्या भिंतीवर लावून ठेवावी असं आम्हाला मनापासून वाटतं; ड्रायव्हरच्या शोधात जाणारे तासन्‌तास तिने वाचतात.

दुसरा दोष जास्त त्रासाचा. सीएच३४० चा ड्रायव्हर २०२३ मध्ये ३.८ या आवृत्तीला गेला आणि विंडोज अपडेटमधून तो आपोआप बसू लागला. या चिपच्या काही जुन्या आणि नकली प्रतींशी तो जुळत नाही. पोर्ट दिसतो, पण तो उघडायला गेलं की नकार मिळतो. बोर्ड बदलून फरक पडला नाही, कारण बाराही बोर्ड बहुधा एकाच खेपेतले आहेत. उपाय म्हणजे २०१९ ची ३.५ आवृत्ती परत आणणं.

बोर्ड जोडलेला ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ टॅबवर तारीख आणि आवृत्ती पाहा. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येत असेल तर तेवढ्यावर भागतं. ते फिकट असेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ अशा क्रमाने जा. यादीत २०१९ ची आवृत्ती दिसली तर ती निवडा. दिसली नाही तर जुना ड्रायव्हर वेगळा मिळवून टाका, आणि पुन्हा याच वाटेने जाऊन तो निवडा. नुसता इन्स्टॉलर चालवून पुरत नाही, कारण विंडोज दोन्हींपैकी नवा तोच धरून ठेवतं. शेवटी केबल काढून लावा आणि आवृत्ती परत तपासा. पुढच्या एखाद्या अपडेटनंतर तोच संदेश पुन्हा दिसला, तर आधी ‘ड्रायव्हर’ टॅब उघडा, बहुधा ३.८ परत आलेली असते.

एवढं झाल्यावर काही बोर्डांवर ‘नॉट इन सिंक’ असा संदेश येईल. हा यूएसबीचा दोष नव्हे. स्वस्त नॅनोंमध्ये अजूनही जुना बूटलोडर (नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) असतो, तो ५७६०० च्या वेगाने बोलतो, आणि आयडीई ११५२०० ने बोलायला जातो. ‘टूल्स’मध्ये ‘प्रोसेसर’ खाली ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा.

आणखी एक. सीएच३४० ला स्वतःचा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे विंडोज कॉम नंबर बोर्डाला देत नाही, सॉकेटला देतं. तोच बोर्ड शेजारच्या भोकात लावला की कॉम ५ चा कॉम ८ होतो आणि मुलं जुनाच नंबर निवडून बसतात. प्रत्येक कॉम्प्युटरचं एक सॉकेट ठरवा आणि त्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवा. डेस्कटॉप असेल तर मागचं सॉकेट घ्या. पुढची सॉकेटं आतून लांब तारेने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि वर्षानुवर्षं खुपसून सैल झालेली असतात.

प्रश्न : उबंटू २२.०४ वर सीएच३४० चा बोर्ड लावला की टीटीवाययूएसबी० हा पोर्ट क्षणभर येतो आणि लगेच जातो. विंडोजवर बोर्ड व्यवस्थित चालतो.
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (डी-एम-ई-एस-जी) ही आज्ञा देऊन तिची शेवटची पंधरा-वीस वाक्यं वाचा. त्यात ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसेल. दृष्टिहीन व्यक्ती बोटांनी वाचतात त्या ब्रेल पट्टीसाठीचं हे सॉफ्टवेअर उबंटूबरोबर आधीच बसलेलं असतं. काही ब्रेल पट्ट्यांमध्ये हीच सीएच३४० चिप असते, ओळख क्रमांकही तोच. म्हणून तुमचा बोर्ड दिसताच ते सॉफ्टवेअर त्याला ब्रेल पट्टी समजून ताब्यात घेतं आणि सीरियल ड्रायव्हरला बाहेर काढतं.

घरात कुणीच ब्रेल पट्टी वापरत नसेल तर ‘सुडो एपीटी रिमूव्ह’ वापरून ते काढून टाका, केबल पुन्हा लावा, काम झालं. कॉम्प्युटर सामायिक असेल आणि कुणाला पट्टी लागत असेल, तर मात्र कृपा करून काढू नका. त्या माणसाचा कॉम्प्युटरच बंद पडेल. त्याऐवजी यूडेव्हच्या (जोडलेल्या वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांच्या फोल्डरमध्ये ८५ ने सुरू होणारी त्याची फाइल उघडा, १ए८६ आणि ७५२३ असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह घाला आणि मशीन रीस्टार्ट करा.

पोर्ट टिकू लागल्यावर ‘परमिशन डिनाइड’ येईल, कारण उबंटूवर सीरियल पोर्ट ‘डायलआउट’ गटाच्या मालकीचे असतात. आज्ञा अशी: सुडो, यूजरमॉड, मग वजा चिन्ह आणि त्याला जोडून लहान ए व मोठा जी, मग डायलआउट, शेवटी आपलं यूजरनेम. तो लहान ए अजिबात विसरू नका. तो राहिला तर तुम्ही डायलआउटमध्ये जाता, पण बाकीच्या सगळ्या गटांमधून बाहेर पडता, त्यात सुडोचा गटही आला, आणि मग चूक दुरुस्त करायलाच अधिकार उरत नाही. आज्ञा दिल्यावर लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्याने गट बदलत नाहीत.

प्रश्न : ठिबकचे व्हॉल्व्ह चालवण्यासाठी ईएसपी३२ आणि चार रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच) बसवले आहेत. कॉम पोर्ट दिसतो. अपलोड करताना ‘कनेक्टिंग’पुढे ठिपके येत राहतात आणि शेवटी ‘राँग बूट मोड डिटेक्टेड’ येतं. पहिल्या दिवशी हाच बोर्ड चालला होता.
— शेतकरी वाचक, निफाड

उत्तर : तुमची केबल, ड्रायव्हर, यूएसबी चिप सगळं बरोबर आहे, संदेशाचा अर्थ असा की ईएसपी३२ उत्तर देतो आहे, पण प्रोग्राम घ्यायच्या अवस्थेत जात नाही.

या चिपला जाग येते त्या क्षणी ती आपल्या काही पिना वाचते. जीपीआयओ ० ही पिन खाली ओढलेली, म्हणजे ग्राउंडला असेल, तर ती प्रोग्राम घ्यायला बसते. नसेल तर आधीचा प्रोग्राम चालू करते. बोर्डावरचे दोन छोटे ट्रान्झिस्टर यूएसबी चिपच्या डीटीआर आणि आरटीएस या तारांवरून हे आपोआप घडवतात. पण रीसेटची पिन (बोर्डावर ‘ईएन’) नेमक्या वेळी वर गेली नाही तर ती संधी हुकते.

आधी हाताने करून पाहा. ‘बूट’ बटण दाबून धरा, अपलोडवर क्लिक करा, ठिपके सुरू झाल्यावर ‘ईएन’ बटण एकदा दाबून सोडा आणि टक्केवारी दिसू लागली की ‘बूट’ सोडा. हे दर वेळी जमत असेल तर कायमचा इलाज स्वस्तात होतो: ईएन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, लांब पाय ईएनला, पांढऱ्या पट्टीच्या बाजूचा पाय ग्राउंडला. त्याने रीसेट किंचित लांबतो आणि वेळ जुळते.

हाताने करूनही जमलं नाही, तर दोष तुमच्या रिलेच्या जोडणीत शोधा. पहिल्या दिवशी चालला तेव्हा बोर्ड मोकळा होता ना? जीपीआयओ ० ला रिले मोड्युल लावलं असेल तर ते ती पिन वर ओढून धरतं. जीपीआयओ २ अपलोडच्या वेळी मोकळी किंवा खाली असावी लागते. जीपीआयओ १२ सर्वांत फसवी आहे. जागं होताना ती वर असली तर चिप समजते की आतली मेमरी १.८ व्होल्टची आहे. प्रत्यक्षात ती बहुतेक मोड्युलांत ३.३ व्होल्टची असते, म्हणून बोर्ड सुरूच होत नाही. इनपुट खाली गेल्यावर चालणारे, म्हणजे बाजारात मिळतात ते बहुतेक निळे रिले मोड्युल, आपलं इनपुट वर ओढून ठेवतात. तेव्हा रिले ०, २ आणि १२ वरून हलवून २५, २६, २७ आणि ३३ वर घ्या. तिथे हा त्रास नाही.

रिले मोड्युलचे ५ व्होल्ट लॅपटॉपवरून घेऊ नका. अपलोड सुरू होऊन मध्येच तुटत असेल तर ‘अपलोड स्पीड’ ९२१६०० वरून ११५२०० वर आणा.

प्रश्न : ऊनोला दोन छोटे सर्व्हो (हव्या त्या कोनात फिरणाऱ्या मोटरी) जोडलेत. सर्व्हो हलला की पोर्ट गायब होतो, थोड्या वेळाने परत येतो. बोर्ड गेला का?
— वाचक, अमरावती

उत्तर : नाही. यूएसबी २ चं सॉकेट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज द्यायला बांधील असतं आणि ऊनोवरचा स्वतःहून पूर्ववत होणारा फ्यूजही ५०० मिलिअँपिअरचाच आहे. एक छोटा सर्व्हो अडकला तरी एकटाच त्याहून जास्त खेचू शकतो. व्होल्टेज बसतं, यूएसबी चिप रीसेट होते, कॉम्प्युटरच्या लेखी बोर्ड उपटला गेला. फ्यूज गरम होऊन उघडला असेल तर निवायला थोडा वेळ लागतो, म्हणून पोर्ट उशिरा परत येतो. सर्व्होंना ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अ‍ॅडॅप्टर द्या. अ‍ॅडॅप्टरचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचा, ५ व्होल्ट मात्र जोडायचे नाहीत. सर्व्होंच्या तारांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला.

प्रश्न : नॅनो हातातून फरशीवर पडला. आता ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’, कोड ४३ असं येतं. ड्रायव्हर चार वेळा टाकला.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : ड्रायव्हरचा इथे संबंध नाही. कॉम्प्युटरने विचारलं ‘तू कोण?’ आणि समोरून धड उत्तर आलं नाही, म्हणून ओळख क्रमांकांच्या जागी शून्यं दिसतात. ड्रायव्हर निवडण्याची पायरी त्यानंतरची. पाचव्यांदा टाकू नका.

आधी निर्दोष शक्यता संपवा: दुसरी डेटा केबल, दुसरं सॉकेट, मध्ये हब असेल तर तो काढून. कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, प्लग काढा, दोन मिनिटांनी सुरू करा. मग हाच बोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. तिथेही कोड ४३ असेल तर बोर्ड उलटा करून चिपकडे पाहा. नॅनोवर यूएसबी चिप बहुधा मागच्या बाजूला असते.

सीएच३४०जी असेल तर तिच्याशेजारी १२ मेगाहर्ट्‌झचं क्रिस्टल असतं, छोटी चंदेरी डबी. पडल्यावर निकामी होणारा भाग बहुधा हाच. त्याचा ठोका नसेल तर चिपला यूएसबीचा वेग पाळता येत नाही. बोर्डाला वीज देऊन चिपच्या पायांवर व्होल्टेज मोजा: सोळाव्यावर साधारण ५ आणि चौथ्यावर ३.३. दोन्ही मिळाले तर चिपला वीज मिळते आहे. क्रिस्टल आणि यूएसबी सॉकेटचे सोल्डर भिंगाखाली पाहा, टोकाने हळूच दाबा. सोळाव्यावर ५ आहेत पण चौथ्यावर ३.३ नाहीत, तर चिप गेली. सीएच३४०सी असेल तर तिला बाहेरचं क्रिस्टल नसतंच. तिथे सॉकेटचे सांधे आधी पाहा.

चिप गेली तरी बोर्ड फेकू नका. मुख्य एटीमेगा बहुधा शाबूत आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ यूएसबी-टीटीएल मोड्युल, म्हणजे दुभाषी चिपचा सुटा छोटा बोर्ड, सहज मिळतं. त्याचा टीएक्स (पाठवायची पिन) नॅनोच्या आरएक्सला (घ्यायच्या पिनला), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, ५ व्होल्ट ५ व्होल्टला, आणि डीटीआर ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला. आयडीईमध्ये त्या मोड्युलचा पोर्ट निवडून नेहमीसारखं अपलोड करा. मेलेली चिप टीएक्सची तार अडवून धरत असेल तरच हे अडतं.

प्रश्न : मुलीचा टाइप-सी सॉकेटचा नॅनो मॅकबुकला सी-टू-सी केबलने लावला तर दिवासुद्धा लागत नाही. जुन्या विंडोज लॅपटॉपवर साध्या केबलने चालतो.
— वाचक, न्यू जर्सी

उत्तर : टाइप-सीच्या दोन्ही टोकांना सी असेल तर लॅपटॉप आधी खात्री करून घेतो की समोर वीज घेणारं काही आहे, आणि तोवर ५ व्होल्ट सोडतच नाही. ही खूण म्हणजे बोर्डावरचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. स्वस्त बोर्डांवर ते वगळलेले असतात. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीतही दोन रेझिस्टरऐवजी एकच सामायिक ठेवला होता आणि काही चांगल्या केबलींनी तो सुरू होत नसे. जुन्या, चपट्या यूएसबी टोकामागून वीज नेहमीच मिळते, म्हणून दुसरा लॅपटॉप चालला. मॅकला छोटा हब किंवा अ‍ॅडॅप्टर लावून त्यात साधी ए-टू-सी डेटा केबल वापरा.

दिवा लागूनही पोर्ट आला नाही तर स्क्रीनवर आलेली परवानगीची चौकट पाहा. अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपवर व्हेंचुरापासून नवी वस्तू जोडली की ‘अलाऊ’ विचारलं जातं. घाईत नकार दिला गेला की बोर्ड नुसताच चार्ज होत राहतो. आयडीईच्या पोर्टांच्या यादीत ‘सीयू’ने सुरू होणारा पोर्ट निवडा.

प्रश्न : पिको लावला की पेन ड्राइव्ह म्हणून दिसतो, पोर्ट येत नाही.
— वाचक, लातूर

उत्तर : त्यात अजून काही प्रोग्राम नाही किंवा लावताना ‘बूटसेल’ बटण दाबलं गेलं. यूएफ२ फाइल (पिकोसाठी तयार केलेला प्रोग्राम) त्या ड्राइव्हवर टाका. ड्राइव्ह नाहीसा होईल आणि त्या फाइलमध्ये मायक्रोपायथॉन (बोर्डावर चालणारं पायथॉन) असेल तर पोर्ट येईल.

प्रश्न : प्रो मायक्रोवर कीबोर्डचा प्रोग्राम टाकला. तेव्हापासून पोर्टच नाही. दुसरी केबल, दुसरा लॅपटॉप, सगळं करून झालं.
— वाचक, मडगाव

उत्तर : या बोर्डावर वेगळी यूएसबी चिप नाही. एटीमेगा ३२यू४ प्रोग्रामही चालवते आणि यूएसबीही तीच सांभाळते. तुमचा प्रोग्राम अडकला की यूएसबीही त्याच्याबरोबर जाते. नेहमीचं कारण: आयडीईमध्ये बोर्ड ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्‌झ निवडला आणि हातातला ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्‌झचा आहे. चिपचा ठोका अर्ध्यावर येतो आणि कॉम्प्युटरला ती अनोळखी वाटते. बूटलोडर मात्र आत सुखरूप आहे.

बोर्डावर बहुधा रीसेट बटण नसतं. एक जंपर वायर घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवा. आरएसटी (रीसेट) आणि ग्राउंड पिना पाऊण सेकंदाच्या आत दोनदा जोडून सोडा. ‘पोर्ट्स’खाली एक कॉम नंबर सुमारे ८ सेकंद येऊन जाईल. त्याचा नंबर टिपून घ्या. आता बोर्डाचा योग्य प्रकार निवडा, आयडीईच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये अपलोडचे सविस्तर संदेश चालू करा आणि ‘ब्लिंक’ हा साधा नमुना प्रोग्राम अपलोडला लावा. आधी कंपाइल होईल, त्याची घाई करू नका. सविस्तर संदेशांत पोर्टांची यादी फिरू लागली की लगेच तार दोनदा टेकवा. आयडीई नव्याने उगवलेला पोर्ट पकडेल. पहिल्या-दुसऱ्या वेळी सेकंद हुकतात; तिसऱ्या-चौथ्या वेळी हाताला अंदाज येतो. काही प्रतींवर लिओनार्डोचा बूटलोडर असतो, तिथे एकदाच टेकवून पुरतं.

कीबोर्डचा प्रोग्राम पुन्हा टाकाल तेव्हा सुरुवातीला पाच सेकंदांचा डिले ठेवा आणि एक पिन ग्राउंडला जोडली असेल तरच अक्षरं पाठवली जातील अशी अट घाला. नाहीतर बोर्ड लावताच तो आयडीईच्या खिडकीतच टाइप करत सुटतो आणि तुमचा कोड तुमच्यासमोर बिघडवतो.